हिराला आवाज कोणाचा

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

ती. महिपतीमामांना प्रेमलाचा नमस्कार.

तुमचं खोकं काल एसटीच्या पार्सलने पोचलं. आत निघालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गेलं असेल तर तुम्हाला ताडून पाहता येईल. करवंट्यांची जोडी एक, कडा घासलेल्या. पत्र्याचा तुकडा एक, दोन हात लांब. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा चार. कडी-कोयंडा लावलेली फळी एक. सुपली एक, तिच्यात ज्वारीची पुरचुंडी. आणि वाळूची पिशवी, तीन किलो तरी असेल. पार्सलचे तुम्ही भरलेत, इथे स्टँडवरून रिक्षाला साठ गेले. वाळू बघून हे म्हणाले, "सोलापुरात वाळू मिळत नाही असं वाटलं का मामांना?" मी म्हटलं, ही वाळू मामांबरोबर तीस वर्षं रेडिओत कामाला होती, तिला अनुभव आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही, असं तुमचा मुलगा इंद्रजीत सांगतो. म्हणून पत्रच बरं. मलाही सराव होईल. मॅट्रिकनंतर मी वाणसामानाच्या वहीखेरीज काही लिहिलेलं नाही.

इंद्रजीतकडून तुम्हाला नुसता 'रेडिओचं आवाजाचं सामान पाठवा' एवढाच निरोप दिला होता. तर विषय असा. इथल्या एका कॉलेजच्या आवारात छोटं रेडिओ केंद्र आहे, शहरापुरतंच ऐकू येतं. तिथली ऋतुजा नावाची मुलगी आमच्या भजनी मंडळात आली आणि म्हणाली, चैत्रात तुम्हाला पंधरा मिनिटं देते, पण भजन नको, भजन सगळेच देतात. तेव्हा मी धीर करून एक श्रुतिका लिहिली. हिरा नावाची धनगरीण. दुष्काळातला चैत्र. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, महिना झाला पत्ता नाही. घरात एक घागर पाणी. दारात एक म्हातारी येऊन पाणी मागते. हिरा देते. म्हातारी म्हणजे चैत्रगौर. शेवटी हिरा तिला हळदीकुंकू लावते, गौर म्हणते, अखंड सौभाग्यवती हो, आणि लांबून नवऱ्याच्या मेंढरांच्या घंटा ऐकू येतात.

हिराचं काम केराबाई करतील. आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. मूळच्या वेळापूरकडच्या, सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. मंडळात त्यांच्यासारखा मोकळा आवाज कोणाचा नाही. पहिल्याच दिवशी मेंढरांना मारायची हाक मारून दाखवली तर माडीवरची कबुतरं उडाली. गौरीचं काम गुरम्मा करणार. त्या अक्कलकोटकडच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

लिहिलेलं सोबत जोडलं आहे. चुका काढा. भीड नको.

तुमची,
प्रेमला


अकलूज
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रेमला, आशीर्वाद.

खोक्यातलं काही गेलेलं नाही. वाळू नदीची आहे, सात पाण्यांनी धुतलेली. बांधकामावरची वापरलीस तर हिरा स्लॅबवर चालतेय असं वाटेल.

श्रुतिका तीनदा वाचली. तुझ्याकडे गोष्ट आहे, ही शिकवता येत नाही अशी वस्तू. बाकीचं शिकवता येतं, म्हणून चुका सांगतो.

पान दोन: "हिरा मान डोलावते." रेडिओवर डोलावलेली मान फक्त डोलावणाऱ्याला कळते. काढ.

पान तीन: "हिरा घागरीत डोकावते, तळाला थोडंच पाणी आहे." हे कोणी पाहिलं? तांब्या आत जाऊ दे आणि घागरीचा तळ खरवडू दे. पाणी किती आहे ते आंधळ्यालाही कळेल.

पान चार: म्हातारी येते तेव्हा हिरा म्हणते, "अगं बाई, तुमचं लुगडं किती फाटलंय, पायात वहाणही नाही." आपण कोणाच्या तोंडावर असं बोलतो का? ही नवशिक्यांची खोड आहे, डोळ्यांचं काम तोंडाला देतात. त्यापेक्षा म्हातारीला काठी दे. काठीचे ठोके लांबून येऊ देत आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जाऊ दे. लुगडं ऐकणाराच नेसवेल तिला, आणि प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या म्हातारीचं नेसवेल.

वाऱ्यासाठी जुनी रेशमी साडी लाकडी खुर्चीच्या पाठीवरून सावकाश ओढ. घंटा लांबून यायला हव्यात तर रुमालात गुंडाळून मुठीत धरून वाजव आणि वाजवणारीला माइककडे पाठ करून उभी कर.

केराबाईंबद्दल लिहिलंस त्यावरून हिरा सापडली आहे. त्यांना कागद देऊ नकोस. वाचून दाखव आणि पाठ करून घे. वाचणाऱ्याचा आवाज कागदावर पडतो, तिथून तो उठत नाही.

मला आता भिंतीवरचं घड्याळ बंद आहे की चालू, हेही काट्याकडे बघून ठरवावं लागतं. तेव्हा तालमीत काय काय ऐकू आलं ते लिहीत जा. तेवढाच माझा रेडिओ.

महिपतीमामा


भवानी पेठ, सोलापूर
६ मार्च २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं बदललं. मान काढली, लुगडं काढलं. तालीम आमच्या माडीवर होते, दुपारी तीन ते पाच. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून बायका पदराने वारा घेतात आणि मग बांगड्या वाजतात. शेवटी नियम केला, ज्याचं बोलणं नाही त्याने हातावर बसायचं.

तळ खरवडायला तांब्याची घागर फक्त माझ्याकडे होती, सासूबाईंच्या वेळची. ती खरवडायची म्हणजे जिवावर आलं. पण खरवडली. अंगावर काटा आला, म्हणजे बरोबर असणार. ऋतुजाने ते मोबाईलवर घेऊन मोठ्याने ऐकवलं, तर खालचे किराणावाले बिरप्पा जिना चढून वर आले आणि विचारतात, "आज पाणी आलं नाही काय हो?" आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो. आम्ही इतक्या हसलो की बिरप्पा रागावून खाली गेले. मला मात्र कोणी बक्षीस दिल्यासारखं वाटलं.

गावातल्या माणसाचा खोकला हवा होता म्हणून ह्यांना बसवलं होतं. एकदा खोकले ते छान. दुसऱ्यांदा खरंच ठसका लागला आणि थांबेना, तेव्हा मीच तालीम मोडली. खोकला काढून टाकला आहे.

आणखी एक छोटा बदल केला. हिराचं काम आता सुकन्या करते. शाळेत शिकवते, तरुण आहे, उच्चार स्वच्छ आहेत. केराबाईंकडे सगळे आवाज दिले, मेंढरं, घंटा, दार, वाळूतली पावलं. तुम्हीच म्हणता की आवाजाचं काम सर्वांत मोठं. त्याचं असं आहे की शेवटी हळदीकुंकू येतं, गौरीचा आशीर्वाद येतो, आणि केराबाईंचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. गुरम्मा जुन्या वळणाच्या आहेत, त्यांच्यासमोर ते बरं दिसलं नसतं. कोणी मनाला लावून घेतलं नाही. केराबाई "बरं" म्हणाल्या.

काठीला खाली रबर आहे, ते काढू का? ठोका मऊ येतो.

तुमची,
प्रेमला


अकलूज
१२ मार्च २०२५

चि. प्रेमला, आशीर्वाद.

रबर काढ.

बिरप्पांची गोष्ट वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो असणार, कारण सूनबाई स्वयंपाकघरातून बघायला आली. एवढी मोठी पावती मला तीस वर्षांत चार वेळाही मिळाली नाही.

आता तुझ्या "छोट्या" बदलाबद्दल. सगळ्या पत्रात तेवढीच गोष्ट तू घाईने लिहिलीस, म्हणून तिथेच थांबलो.

आमच्या केंद्रावर राजाचं काम वर्षानुवर्षं कोण करायचं माहीत आहे? एक शिपाई. साडेचार फूट उंची, दम्याचा विकार. माइकसमोर उभा राहिला की दरबार उठून उभा राहायचा. आईचं काम करणारी मुलगी बावीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं. खेड्यापाड्यांतून बायका तिला पत्रं लिहायच्या, लेकराची उचकी थांबत नाही, काय देऊ. ती ती पत्रं घेऊन माझ्या आईकडे यायची उत्तरं विचारायला. आम्हाला कधी कोणी विचारलं नाही की हे कसं चालतं. माइकला कपाळ दिसत नाही, बाळ. या धंद्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

हिराचा उच्चार स्वच्छ कशाला हवा? ती काय बातम्या देते आहे?

दोनच गोष्टी विचारतो. गुरम्मांना तू विचारलंस का, की त्यांना चालणार नाही हे तू ठरवलंस? आणि केराबाई "बरं" म्हणाल्या, ते कसं म्हणाल्या? तू आता आवाज लिहायला शिकते आहेस. तो "बरं" मला लिहून पाठव.

महिपतीमामा


भवानी पेठ, सोलापूर
२१ मार्च २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी आलं. उत्तराला चार दिवस लागले, त्याचं कारण सांगते.

लग्न झाल्यापासून तुम्ही मला "चि. सौ. प्रेमला" असं लिहीत आलात. या वेळी नुसतं "चि. प्रेमला" लिहिलंत. मी पत्र तिथेच मिटलं. पुढचं वाचलं नाही. आधी माडीवर जाऊन ह्यांना बघून आले. पेपर वाचत बसले होते. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, चहा घेता का?" अर्ध्या तासात दुसऱ्यांदा चहा. त्यांनी काही न विचारता घेतला. नंतर मी देवापुढे बसून राहिले, आणि पत्र संध्याकाळच्या दिव्यानंतर वाचलं.

गेल्या श्रावणात ह्यांच्या छातीत दोन स्टेंट बसवले, तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून रात्री जाग आली की मी आधी त्यांचा श्वास ऐकते. कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून की काय, तुम्हाला सांगता येतं.

गुरम्मांना मी विचारलेलं नव्हतं. काल जाऊन विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं तर शेंग हातात तशीच धरून म्हणाल्या, "मला कधी विचारलीस?"

मी म्हटलं, "तुम्हाला चालणार नाही असं वाटलं."

"नोडु प्रेमला, म्हणजे बघ, मी जुनी हाय, खरं हाय. माझ्या नावावर काय पण खपतंय म्हणून तू खपवलीस. भ्याली तू, आणि नाव माझं."

मग मला शेंगांची परात दिली. तासभर फोडत बसवलं.

त्यांचं खरं आहे. ती शेवटची ओळ मीच लिहिली आहे, अखंड सौभाग्यवती हो. माझ्या घरात, माझ्या माडीवर, खाली हे झोपलेले. ती ओळ केराबाईंच्या समोर आली की मी खाली जाऊन ह्यांना बघून यायची. त्यांचं वाईट मी चिंतलं नाही, मामा. मी माझ्यापुरतं भ्यायले आणि त्यांना घंटा दिल्या.

"बरं" कसं म्हणाल्या ते आता लिहिते. त्या सुपलीत ज्वारी घोळवत होत्या, मेंढरांच्या खुरांचा आवाज बसवायला. मी बदल सांगितला. त्यांचा हात थांबला नाही. "बरं" म्हणाल्या, आणि ज्वारी होती तशीच पडत राहिली. एवढंच.

सुकन्याचं चाललं आहे ठीक. मेंढरांना हाक मारते तेव्हा मधली सुट्टी संपल्यासारखं वाटतं.

"सौ." मुद्दाम वगळलंत का? खरं सांगा.

तुमची,
प्रेमला


अकलूज
२७ मार्च २०२५

चि. सौ. प्रेमला, आशीर्वाद.

मुद्दाम नव्हे. विसरलो. ऐंशीव्या वर्षी अक्षरं गळतात. तुझी एक दुपार माझ्यामुळे वाईट गेली, क्षमा कर. वेणीमाधवरावांना दोनदा चहा मिळाला, त्यांची तक्रार नसावी.

शहाणपणा शिकवायचा असता तर पत्रात लिहिला असता, अक्षर गाळून शिकवला नसता. पण गळलंच आहे तर तूच बघ. तुला एका पत्रातून ते गेलेलं एक दुपार सोसलं नाही. केराबाईंना अकरा वर्षं प्रत्येक लग्नपत्रिका तशी येते. आता तुझी श्रुतिकाही.

भीतीबद्दल मी काय बोलणार. ती जा म्हटल्याने जात नाही. पण तुझी हिरा घागर रिकामी करते तेव्हा तिला भीती वाटत नसते असं तुला वाटतं का? भ्यालेली बाई पाणी देते म्हणून तर ती गोष्ट. ज्याच्या घरी नळ वाहतोय त्याने दिलं तर ती नुसती पाणपोई.

झालं काय ते लिही. जे ऐकू आलं तेच लिही, तुला काय वाटलं ते नंतर.

महिपतीमामा


भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

ती. मामांना नमस्कार.

पत्र मोठं होणार आहे. चष्मा पुसून बसा.

पाडव्याला श्रीखंडाची वाटी घेऊन केराबाईंकडे गेले. उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"या वैनी," म्हणाल्या. "आज कुनाचा आवाज काडायचाय?"

"हिराचा."

"ती हाय की तुमची मास्तरीण."

"तिला जमत नाही."

"तिला जमंना म्हून मी व्हय?"

मामा, हे असं विचारतील याचा मी विचारच केला नव्हता. मग मी उंबऱ्याच्या अलीकडे बसले आणि जे तुम्हाला लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. ह्यांच्या छातीचं, गुरम्मांच्या नावावर खपवल्याचं. त्यांनी लसणाची पुरी एक गड्डी सोलली.

"मेंढरं मी," म्हणाल्या, "घंटा मी, दार मी, वाळू मी. मालकीण तेवढी सुकन्या. मी म्हनलं बरं, उद्या गावात कुत्रं लागलं तर त्ये बी माज्याच नशिबी."

मला हसू आलं. यायला नको होतं त्या वेळी आलं. पण त्याही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले, लसूण होता म्हणून असेल.

"वैनी, कुकू गेलं ते गेलं. आवाज कुटं गेलाय माजा? त्यो हाय की जागच्या जागी." मग म्हणाल्या, "मालक असताना बी मेंढरास्नी हाक मीच मारायची. त्येंचा आवाज लई बारीक. धनी, बसा म्हनायची, मी बोलवते."

दुसऱ्या दिवशी तीनला माडीवर हजर. सुकन्याला मी कसं सांगावं या विचारात होते, तर तीच म्हणाली, "काकू, सुटले. मला कोकरांची हजेरी घेतल्यासारखं होत होतं." दार, वाळू आणि घंटा तिने घेतल्या. वाळूत इतकं सुरेख चालते की केराबाईंनी तिला "आता तू धनगरात खपशील" असं सर्टिफिकेट दिलं.

रेकॉर्डिंग सात तारखेला झालं. खोलीला सगळीकडून स्पंज लावलेला, पंखा नाही, एसी बंद, बाहेर एक्केचाळीस. आम्ही आठ बायका आणि एक माइक. गुरम्मांनी पहिलं वाक्य म्हटलं, "बाळ, घोटभर पाणी देशील?" आणि ऋतुजाने काचेपलीकडून हात वर केला. शिट्टी ऐकू येत होती. गुरम्मांनी फाल्गुनात नवी कवळी बसवली आहे. "स" आणि "श" आला की ती शिट्टी मारते, माडीवर आम्हाला कळलं नव्हतं, माइकला लगेच कळलं. कवळी काढून बघितलं तर शिट्टी गेली पण शब्दही गेले. गुरम्मा शांतपणे कवळी डबीत ठेवून बाजूला झाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही लिहिली. हिला पाठ हाय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण अर्धा तासच खोली आमची होती, पुढे दुसरे लोक उभे होते. आणि केराबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, नुसत्या. हिला आता काय होतंय, असं बघतात तशा.

तेव्हा मी गौर झाले, मामा. आता तुम्ही सांगितलंत तसं, काय ऐकू आलं ते लिहिते.

आधी साडीचा वारा. मग एक कोकरू, एकटं, लांब. वाळूत पावलं, थांबतात. कडी. काठी, ठोका, ठोका, मग बऱ्याच वेळाने ठोका. मी पाणी मागते. माझा आवाज माझ्या कानाला आईसारखा लागला, तुमच्या बहिणीसारखा. तांब्या घागरीत जातो, तळ खरवडतो. केराबाई श्वास घेतात, इतका जवळ की तो मलाच घेतल्यासारखा वाटला. पाणी ओतल्याचा आवाज, थोडासाच, लगेच संपणारा. मी पिते. वाटी खाली ठेवल्याचा आवाज. मग हळदीकुंकवाचं बोलणं. "आई, दारात आलाय तर कुकू लावून जावा." हे केराबाईंनी म्हटलं. कुठेही अडल्या नाहीत.

मग माझी ओळ आली. मी त्यांच्या समोर हातभर अंतरावर. म्हटलं, "अखंड सौभाग्यवती हो."

आता हिराचं वाक्य होतं, "आई, तुमचा आशीर्वाद खरा होवो." ते आलंच नाही. काही ऐकू आलं नाही. मी मनात दहा आकडे मोजले, ऋतुजा काचेपलीकडे बटणावर बोट ठेवून तशीच. सुकन्याने घंटा रुमालात घट्ट धरलेल्या. कोणाचीही बांगडी वाजली नाही.

मग केराबाई म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात, "बसा की वाईच. उनाचं कुटं निगालाव."

कागदावर नव्हतं हे. माझंही पुढे वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "बसते." आणि खरंच खाली बसले, सतरंजीवर. तो आवाजही आला आहे. त्यानंतर सुकन्याने घंटा वाजवल्या.

ऋतुजाने विचारलं, पुन्हा घ्यायचं का, वाक्य चुकलं. गुरम्मा डबी हातात घेऊन म्हणाल्या, दात नसल्यामुळे नीट कळलं नाही, पण हात दोनदा आडवा हलवला.

रविवारी, तेरा तारखेला सकाळी अकरा वाजता लागली. आम्ही बिरप्पांच्या दुकानात ऐकली. त्यांनी तराजू बाजूला ठेवला. केराबाई पोत्यावर बसल्या होत्या, ऐकताना सारख्या स्वतःच्या मेंढरांकडे बघितल्यासारखं दाराबाहेर बघत होत्या. हे माझ्या शेजारी उभे होते. तो न बोललेला भाग आला तेव्हा दोन गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन आत येत होती, तीही थांबली. संपल्यावर हे एवढंच म्हणाले, "बसते म्हणालीस, ते चांगलं केलंस." बिरप्पांनी पाण्याचं काही विचारलं नाही.

काय वाटलं ते नंतर लिहायला सांगितलंत. तेही लिहिते, पण फार नाही. काल माझ्या गौरीचं हळदीकुंकू झालं. केराबाईंना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. आंब्याची डाळ, पन्हं दिलं, ओटी भरली. हळद लावली. कुंकवाच्या करंड्यापाशी माझा हात थांबला. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. डाळ वाडा आनकी." मी वाढली. सगळं एका चैत्रात व्हायचं नाही, मामा. रात्री ह्यांचा श्वास मी अजूनही ऐकते. पण त्यासाठी आता दुसऱ्या कोणाला बाजूला सारायचं नाही, एवढं देवापुढे बोलले आहे.

आता मुख्य काम. तुमचं शेवटचं पत्र मी केराबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग मामास्नी ह्ये कसं ऐकू गेलं?" मी म्हटलं, नाही गेलं, मी लिहून कळवणार. त्यांना ते पटलं नाही. "लिवून मेंढरू कसं वरडंल? त्येंनाच हितं आना की. समूर बशिवते. त्वांडाकडं बघत्याल, कळंल."

तर बुधवारी तीस तारखेला, अक्षय्य तृतीयेला, आमच्या माडीवर सगळी श्रुतिका तुमच्यासाठी पुन्हा होणार आहे. माइक नाही, रेकॉर्डिंग नाही. ऐकणारे तुम्ही एकटे. वाळू, दार, काठी सगळं तुमच्या डोळ्यांपुढे करू. जाड गादीची खुर्ची ह्यांनी आजच माडीवर चढवली. केराबाईंचं एकच म्हणणं आहे, तुम्ही अगदी पुढे बसायचं, आणि जिथे कळलं नाही तिथे हात वर करायचा. त्या पुन्हा म्हणतील. कितीही वेळा.

इंद्रजीतला सोबत घ्या. अकलूजहून कोणत्या गाडीने निघता आणि किती वाजता पोचता ते हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी लिहून टाका. आम्ही दोघी स्टँडवर उभ्या राहू.

तुमची,
प्रेमला